'वारी वारी जन्ममरणाते वारी' यातली वारी कोणती? (वारणे, निवारणे, निवारा)

ओसरी

नवरात्रात रोज संध्याकाळी आमच्याकडे घटापुढे आरत्या होतात. आम्ही बडोद्याचे, तीन पिढ्या इथेच. मुलगी बारा वर्षांची आहे. बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी आणि घरात मराठी. आरत्या तिला पाठ आहेत, पण सगळ्या कानाने आलेल्या. काल 'दुर्गे दुर्घट भारी' झाली, मी ताम्हन खाली ठेवतेय तोवर तिने विचारलं, "आई, वारी म्हणजे पंढरपूरला चालत जातात तीच ना? मग देवीच्या आरतीत ती तीनदा कशी आली?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. लहानपणापासून मीही मनात तसंच काहीतरी धरून चालले होते. जन्ममरणाची वारी, म्हणजे पुन्हा पुन्हा यायचं, पुन्हा पुन्हा जायचं. चाळीस वर्षं टाळ्या वाजवत म्हटलेली ओळ, आणि पोरीने विचारल्यावर अर्थ सांगता येईना. फार लागलं मनाला.

रात्री सगळं आवरल्यावर ओळी लिहून काढल्या:

दुर्गे दुर्घट भारी तुजविण संसारी
अनाथनाथे अंबे करुणा विस्तारी
वारी वारी जन्ममरणाते वारी
हारी पडलो आता संकट निवारी

'निवारी' लगेच खाली आहे. संकट निवार. मग वरची 'वारी' त्याच घरातली का? 'वार', म्हणजे थोपव, बाजूला कर? तसं असेल तर हे 'वारणे' आपण एरवी कुठे वापरतो? निवारा, निवारण, अनिवार्य ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत का? आणि वारणे व निवारणे यांत फरक काय? जाणकारांनी जरूर सांगावं. मुलीला 'उद्या सांगते' म्हटलं आहे.

पाटीपेन्सिल

ओसरीताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. ही पंढरपूरची वारी नाही. हे 'वारणे' या क्रियापदाचं आज्ञार्थी रूप आहे.

जुन्या मराठीत सकर्मक क्रियापदांची आज्ञा अशी ईकारान्त असे. आज आपण 'कर, सोड, तोड' म्हणतो, तिथे पद्यात 'करी, सोडी, तोडी' येतं. याच आरतीत रांगेने पाहा: करुणा विस्तारी, जन्ममरणाते वारी, संकट निवारी, आणि शेवटच्या कडव्यात 'क्लेशापासुनि सोडी, तोडी भवपाशा'. एकामागून एक सगळ्या देवीला केलेल्या विनवण्या आहेत. त्यांच्यामध्ये एकटी 'वारी' नाम म्हणून येऊन बसेल, हे संभवत नाही.

फक्त एवढं लक्षात ठेवा की अशीच दिसणारी दुसरी रूपंही आहेत. 'देव तारी त्याला कोण मारी' यातली 'तारी' आणि 'मारी' ही आज्ञा नाही. देव ज्याला तारतो त्याला कोण मारणार, असा तो साधा वर्तमानकाळ आहे. कुठलं रूप कुठलं, हे वाक्य कोणाला उद्देशून आहे त्यावरून ठरवायचं.

'हारी पडलो' मधली 'हारी' मात्र नाम आहे. हरलो, थकलो, आता माझ्याच्याने होत नाही. आणि नेमक्या त्याच ओळीत 'निवारी' येतं.

रानपाखरू

मी तर कालपर्यंत 'जन्ममरणाची वारी' असंच म्हणत होतो. आमच्या मंडळात सगळेच तसं म्हणतात. खरं सांगायचं तर तो अर्थही मला आवडायचा. वारी म्हणजे नेमाने पुन्हा पुन्हा केलेली फेरी. जन्ममरणाचंही तसंच आहे. तोही अर्थ का चालू नये?

पाटीपेन्सिल

कल्पना सुंदर आहे, पण ओळीत 'ची' नाही, 'ते' आहे. शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केला होता ना? द्वितीयेचे प्रत्यय 'स, ला, ते'. 'ला' आपण दिवसभर वापरतो, 'ते' पद्यातच राहिला. जन्ममरणाते म्हणजे जन्ममरणाला. 'जन्ममरणाला वारी' असं म्हटलं की लगेच कळतं, ते कर्म आहे आणि पुढे क्रियापद हवंच.

मंडळात 'ची' म्हणत असाल तर तेवढं एक अक्षर बदला. देवीकडे मागायची गोष्टच त्या 'ची'मुळे नाहीशी होते. मागणं उरत नाही, नुसतं वर्णन उरतं.

रानपाखरू

पटलं. आज रात्रीपासून 'ते'.

निंबोणी

'वारणे' कुठे वापरतो, असं विचारलंय म्हणून लिहिते. आमच्या घरात हा शब्द रोजचा होता. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, घराला लागून गोठा, त्यामुळे माश्या कायमच्या. तान्हं मूल पाळण्यात झोपलं की थोरल्या पोरीला सांगायचे, "बाळाजवळ बस गं, माश्या वार." हातात पंचा नाहीतर जुन्या धडप्याचा तुकडा. मारायचं नाही काही. मारायला गेलं तर मूल जागं व्हायचं. नुसतं हलक्या हाताने हलवत राहायचं, म्हणजे माशी बसत नाही. गेली, फिरून आली, पुन्हा वारली. म्हैस शेपटीने करते तेच.

वडील शेवटच्या आजारपणात चार महिने अंथरुणावर होते. चैत्र-वैशाखाचे दिवस, दुपारी वीज जायची. हात उचलायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. आई उशाशी बसून पदराने माश्या वारायची. बोलणं जवळपास बंदच होतं दोघांचं. एकदा मी म्हटलं, जाळी लावू, तू जरा पड. तर म्हणाली, "जाळीला काय कळतं कुठं बसलीय ते."

आरतीत 'वारी' म्हटलं की मला ते आठवतं. शत्रूवर चालून जाणं नव्हे ते. ज्याला स्वतःचा हात उचलता येत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी उशाशी बसून आलेलं परतवत राहणं.

ओसरी

निंबोणीताई, वाचून डोळे भरले. 'हारी पडलो'चा अर्थही आता मला वेगळाच लागतोय.

पागोळी

आमच्याकडे रायगडात निवारा हा शब्द पावसाळ्यापूर्वी रोज तोंडात. आजोबा सांगायचे, नि-वारा, म्हणजे जिथे वारा नाही तो निवारा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला ही फोड लगेच पटते. समोरून खारा वारा आणि आडवा पाऊस. मे महिन्यात कौलं चाळून घ्यायची, गोठा पेंढ्याने शाकारायचा, पडवीच्या उघड्या बाजूला माडाची झापं बांधायची. झापं बांधून झाली की आजोबा आत खाटेवर बसून म्हणायचे, "झाला निवारा." छप्पर तर आधीपासून होतंच, पण निवारा झापं लागल्यावर व्हायचा. म्हणून मला ती फोड खरी वाटते. चूक असेल तर सांगा.

धातुपाठ

पागोळी, आजोबांचा अनुभव शंभर टक्के खरा, फोड मात्र लोकव्युत्पत्ती आहे. निवाऱ्यातला 'वारा' म्हणजे हवेचा वारा नव्हे.

मूळ संस्कृत धातू 'वृ', झाकणे, अडवणे. त्याचं प्रयोजक रूप वारयति, म्हणजे अडवतो, परतवतो. 'नि' लागून निवारयति, त्यावरून निवारण, आणि आपला निवारा. जे परतवतं ते. ऊन परतवतो तोही निवाराच. तिथे वाऱ्याचा काय संबंध? उलट उन्हाळ्यात वारा लागेल असाच निवारा आपण शोधतो.

ज्याला खरोखर 'वारा नसलेली जागा' म्हणायचं आहे त्यासाठी संस्कृतात वेगळा शब्द आहे, निवात. गीतेच्या सहाव्या अध्यायात 'यथा दीपो निवातस्थो' आहे ना, वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा हलत नाही, तो.

या 'वृ'ची मराठीतली लेकरं मोजायला बसलं तर रात्र पुरायची नाही. आवरण आणि आवरणे. संवरणावरून सावरणे. उलट दिशेने विवरण, म्हणजे झाकलेलं उघडून दाखवणं. आणि मला सगळ्यांत प्रिय असलेला शब्द म्हणजे पांघरूण. तो संस्कृत 'प्रावरण'चा प्राकृतातून झिजत आलेला वंशज आहे. थंडी परतवणारं पांघरूण आणि पाऊस परतवणारा निवारा ही सख्खी भावंडं आहेत.

समर्थांच्या करुणाष्टकातलं पहिलंच कडवं घ्या. 'परम दिनदयाळा नीरसी मोहमाया, अचपळ मन माझे नावरे आवरीता'. इथे 'नीरसी' ही निरसण्याची विनवणी आहे आणि लगेच पुढे 'नावरे आवरीता' मध्ये आपला 'वृ' आहे. मनाला आवरायला गेलो तर ते आवरत नाही. जे स्वतःला आवरता येत नाही ते दुसऱ्याने निरसावं, अशी ती याचना आहे. दुर्गेच्या आरतीतली 'हारी पडलो'ची तऱ्हा इथेही तीच.

पागोळी

आजोबा असते तर त्यांना 'पांघरूण' फार आवडलं असतं. पाऊस धरला की तिन्हीसांजेला घोंगडी पांघरून पडवीत बसायचे.

गवतफूल

वाचते आहे. सुंदर धागा.

माळवद

निवाऱ्यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे.

मी उमरगा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा घरी आले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. आमचं गाव त्या मानाने वाचलं, भिंती फाटल्या, दोन वाडे बसले. पण नातेवाईक त्या पट्ट्यातच होते.

आमच्याकडची जुनी घरं कशी, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या आणि वर मातीचा जाड थर. हेच माळवद. उन्हाळ्यात बाहेर अंगाची लाही होत असताना आत गारवा. थंडीत ऊब. दरवर्षी पावसाआधी गळू नये म्हणून वर नवी माती टाकायची, त्यामुळे बापजाद्यांपासून थर वाढतच गेलेला. ऊन, थंडी, पाऊस, चोर, सगळं परतवायला ते घर बांधलेलं होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याने परतवलंही. त्या पहाटे माणसं त्याच मातीखाली गेली.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये लोक राहिले. सरकारी कागदावर त्याला 'तात्पुरते निवारे' म्हणायचे. पत्रा दिवसा तापायचा, रात्री गार पडायचा, पावसात कानठळ्या बसायच्या. कशालाच न परतवणारा निवारा. तरी माझी आत्या त्यातच राहायला तयार होती. गावातलं तिचं माळवद अर्धं उभं होतं, पण तिने पुन्हा त्याच्याखाली पाठ टेकली नाही. म्हणायची, "ते घर हाय रे, पर निवारा ऱ्हायला न्हाई त्यात." मी लहान होतो, पण हे वाक्य कायमचं डोक्यात बसलं. घर आणि निवारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिने शिकवलं.

धातुपाठ म्हणतात तसं 'परतवतो तो निवारा' हे धरलं तर आत्याचं बोलणं किती नेमकं होतं बघा. भिंती, तुळया, उंबरा, सगळं होतं. भीती मात्र ते घर परतवू शकत नव्हतं.

निंबोणी

🙏

ओसरी

माळवद, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. 'अन्न, वस्त्र, निवारा' म्हणताना यापुढे तुमच्या आत्या आठवतील.

दिंडीदरवाजा

त्या त्रयीवरूनच लिहितो. आपण तिसरी गरज म्हणून 'घर' म्हणत नाही, 'निवारा' म्हणतो, हे मला मोलाचं वाटतं. घर म्हटलं की मालकी आली, सात-बारा आला, किती खोल्या ते आलं. निवारा म्हटलं की फक्त माणूस आणि त्याच्यावर येणारं ऊन-पाऊस. मुंबईत गोरेगाव-दिंडोशीला मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य माणसांच्या घरांसाठी लढा दिला, त्या वसाहतीचं नाव 'नागरी निवारा' आहे. नाव ठेवताना शब्द जाणून निवडलेला दिसतो.

आडोसा, आसरा, थारा हे शब्द जवळचे असले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. आडोसा म्हणजे मध्ये आड येणारं काहीतरी, झुडूप असो, भिंत असो. त्याने नजरही अडते. आसरा बहुधा माणसाचा असतो. थारा म्हणजे टेकायला जागा, आणि तो शब्द नकारातच जास्त येतो: कुठे थारा मिळाला नाही.

उपकेंद्र

मी आरोग्य खात्यात २६ वर्षं काम केलं. ओसरीताईंच्या 'फरक काय' या प्रश्नाला माझ्या कामातून उत्तर देते, कारण आमच्याकडे हे शब्द कार्यक्रमांच्या नावातच असतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

प्रतिबंध म्हणजे येऊच न देणं. लस टोचणं, पाणी उकळून पिणं. नियंत्रण म्हणजे आहे ते हाताबाहेर जाऊ न देणं, जसं हिवतापाचं. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. देवी रोगाचं निर्मूलन झालं, भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. नारूचं झालं. २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. जुन्या पायविहिरींत लोक पाण्यात उतरून घागरी भरत, तिथून तो पसरायचा. पाणी गाळायला लावणं आणि पायविहिरी बदलणं यात माझ्या वरिष्ठांची उमेदीची वर्षं गेली.

आणि निवारण? अंधत्व निवारण. इथे रोग आधीच माणसापर्यंत पोचलेला असतो. मोतीबिंदू म्हातारपणी होणारच, त्याचं निर्मूलन होत नाही. पण शस्त्रक्रिया करून त्या माणसापुरता अंधार दूर करता येतो. पुढच्या माणसाला पुन्हा होईल, पुन्हा करायचं. म्हणून माझ्या मते निवारण हे नेहमी एका माणसाचं असतं, जो समोर बसला आहे त्याचं. शिबिरात पट्टी सोडल्यावर एका आजीने पहिल्यांदा स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले होते. मग बांगड्या मोजल्या. मला निवारण म्हटलं की ते हात दिसतात.

वारणे आणि निवारणे यांत फरक मला एवढाच वाटतो, की वारण्यात गोष्ट अंगाला लागायच्या आधी परत जाते, निवारण्यात ती लागलेली असू शकते आणि मग दूर केली जाते. निंबोणीताईंची माशी वारली जाते, दुखणं निवारलं जातं.

धातुपाठ

उपकेंद्रताई, संस्कृतात इतकी काटेकोर सीमा नाही, पण मराठी कानाला तुमची विभागणी पटते. आरतीतही तसंच लागू होतं. पुढचा जन्म अजून यायचा आहे, तो 'वारी'. संकट आलेलंच आहे, ते 'निवारी'. कवीने जाणून केलं असेल किंवा यमकासाठी, पण बसलं आहे अचूक.

सातवा अर्ज

मला इथे एक सल बोलून दाखवायची आहे.

'तक्रार निवारण' हा शब्द आपण सर्वत्र वाचतो. ग्राहकांसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण मंच होते, २०१९ च्या कायद्याने त्यांचे आयोग झाले. नावात निवारण कायम राहिलं. चांगलंच आहे. पण कार्यालयांतून या शब्दाचा अर्थ हळूहळू बदलत चाललाय. आमच्या गल्लीत नळाला गढूळ पाणी येत होतं. तक्रार केली. आठवड्याने मोबाईलवर संदेश आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.' मी नळ सोडला, पाणी तसंच. पुन्हा तक्रार, पुन्हा तोच संदेश. असं सहा वेळा झालं. सातव्यांदा बाटलीत पाणी भरून घेऊन गेलो आणि टेबलावर ठेवलं. तेव्हा दुसऱ्या दिवशी माणूस आला, फुटलेला जोड सापडला, गटाराच्या कडेला होता.

उपकेंद्रताईंनी लिहिलंय की निवारण समोरच्या माणसाचं असतं. मला हेच म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. त्या संदेशात निवारण झालं होतं ते नोंदवहीतल्या ओळीचं. तिथे त्यांनी 'तक्रार बंद केली' असं लिहावं, माझी हरकत नाही. ज्या शब्दात निवारा आहे तो शब्द त्यासाठी वापरू नये.

दिंडीदरवाजा

+१. आणि शंकेचं निरसन, प्रश्नाचं निराकरण, त्रासाचं निवारण, हा भेद पत्रव्यवहारात पाळला तरी खूप.

रानपाखरू

मग अनिवार्य म्हणजे ज्याला वारता येत नाही ते?

धातुपाठ

बरोबर. अ-निवार्य, जे परतवता येत नाही. मृत्यू अनिवार्य आहे, असं म्हणणं मुळाला धरून आहे. माणसाने ठरवलेल्या नियमाला खरं तर 'सक्तीचा' हा शब्द शोभतो. तो परतवता येतोच, फक्त परवानगी नसते. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणायच्या शासननिर्णयावर महाराष्ट्रात वादळ उठलं, तेव्हा सगळा वाद याच एका शब्दाभोवती फिरला. जूनमधल्या सुधारित निर्णयातून 'अनिवार्य' काढून 'सर्वसाधारणपणे' घातलं, आणि महिना संपायच्या आत दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. अनिवार्य म्हटलेलं लोकांनी निवारून दाखवलं.

याचं भावंड 'अनिवार' मात्र किती मऊ आहे. अनिवार ओढ, अनिवार माया. थोपवता न येणारी. आणि जिथे थोपवणं अवघड आहे तिथे दुर्निवार.

गवतफूल

एक विचारू का? 'आजोबा वारले' म्हणतो, तेही हेच वारणे? विचारताना बरं वाटत नाहीये, पण डोक्यात आलं.

पाटीपेन्सिल

विचारलंत ते चांगलंच केलंत. वापर पाहा. 'तिने माशी वारली' इथे करणारी वेगळी आणि जिला वारलं ती वेगळी, म्हणजे क्रियापद सकर्मक. 'आजोबा वारले' इथे कर्म नाही, आजोबाच कर्ता, क्रियापद अकर्मक. आजच्या मराठीत ही दोन क्रियापदं वेगळी धरावीत. 'मेले' म्हणवत नाही तिथे आपण 'वारले' म्हणतो, त्या शब्दात आदर आहे.

बहुधा याच दुसऱ्या अर्थामुळे पहिला मागे पडला. शहरात आता 'माश्या वार' कोणी म्हणत नाही, 'हाकल' म्हणतात. पण हाकलण्यात माशीकडे लक्ष असतं, वारण्यात बाळाकडे.

निंबोणी

पाटीपेन्सिल, अगदी हेच!

ओसरी

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल संध्याकाळी काय झालं ते सांगते.

आरतीच्या आधी मुलीला सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं, 'ते' प्रत्यय, आज्ञार्थ, माळवद, मोतीबिंदू, सगळं. पण त्याआधी सहज आईला फोन लावला. ती इंदूरला भावाकडे असते, ७९ वर्षांची आहे. फोनवर चेहरा दिसत होता. नातीने तिलाच विचारलं, "आजी, आरतीत 'वारी वारी' म्हणजे काय गं?"

आईला 'समजावून सांगणं' कधी जमलं नाही. तिने क्षणभर विचार केला, मग उजवा हात उचलून तोंडापुढून असा बाहेरच्या बाजूला हलवला. दोनदा, सावकाश. "असं," म्हणाली.

मुलगी बघत राहिली. मग तिने तसाच हात हलवून पाहिला. "म्हणजे देवीने असं करायचं? आपल्या तोंडासमोरून?"

"हो. आपल्याला होत नाही ना तेव्हा."

रात्री आरती झाली. माझ्या हातात ताम्हन होतं, म्हणून मी शेजारून पाहू शकले. 'वारी वारी'ला सगळ्यांच्या टाळ्या चालू होत्या आणि हिचा एक हात टाळी सोडून हलत होता.

आता तिचा पुढचा प्रश्न आला आहे. 'चारी श्रमले परंतु न बोलवे काही' यातले चार कोण, आणि 'साही विवाद करिता' मधले सहा कोण?

पाटीपेन्सिल

चार वेद थकले, सहा शास्त्रं वाद घालता घालता प्रवाहात पडली. उद्या सविस्तर लिहितो, आज अष्टमीचं होमाचं आहे घरी.